एकच लस, दोन शेड, दोन टायटर : तेलाच्या लसीत नक्की घडतं काय?

माळावरचा_शेड :

नमस्कार मंडळी. विट्याच्या अलीकडे माळावर माझे लेअरचे (अंड्यांच्या कोंबड्यांचे) दोन शेड आहेत, प्रत्येकी तीन हजार पक्षी. दोन्हीतली पिल्लं एकाच हॅचरीची, एकाच दिवशी आलेली. राणीखेतच्या, म्हणजे मानमोडीच्या, लाइव्ह (जिवंत विषाणूच्या) लशी अशा : पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात, नंतर पाण्यातून, आठव्या आठवड्यात आर-टू-बी. सोळाव्या आठवड्यात तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) किल्ड, म्हणजे मेलेल्या विषाणूची तेलातली लस दिली : राणीखेत, आयबी (श्वसनाचा रोग) आणि ईडीएस (अंडी घसरवणारा रोग) एकत्र, मानेत कातडीखाली ०.५ मिली. कंपनी एक, बॅच एक, टोचणारी टोळीही एकच. पहिला शेड शनिवारी दुपारी झाला, दुसरा रविवारी पहाटे.

विसाव्या आठवड्यात दोन्ही शेडमधून २०-२० पक्ष्यांचं रक्त काढून राणीखेतचा एचआय करून घेतला, म्हणजे रक्तात प्रतिपिंडं किती, टायटर किती, हे मोजणारी चाचणी. पहिल्या शेडचे सगळे नमुने ८ ते १० मध्ये. दुसऱ्या शेडचे मात्र ३, ३, ४, ४, ५ असे सुरू होऊन थेट १० पर्यंत पसरलेले. सरासरी सहाच्या आसपास. लॅबमधल्या माणसानं सरासरी बघितली आणि म्हणाला, चालतंय. मला नाही चालत. वडिलांच्या काळात मानमोडीनं आमचा एक शेड आठ दिवसांत रिकामा झाला होता. खड्डा मीच खणला होता, तेव्हा मी नववीत होतो.

आमच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "इमल्शनची भानगड असू शकते." मला आजवर वाटत होतं की तेल फक्त लस आत राहावी म्हणून घालतात, औषधाला अनुपान असतं तसं. त्या तेलानं एवढा फरक पडतो का? जाणकारांनी सविस्तर सांगावं. मला वाचायला वेळ आहे.


वेट_नाशिक :

सरासरीवर समाधान मानलं नाहीत हे उत्तम केलंत. एचआयचे आकडे दुपटीचे असतात हे आधी लक्षात घ्या. ४ म्हणजे १:१६, ८ म्हणजे १:२५६, १० म्हणजे १:१०२४. त्यामुळे तुमच्या ३ च्या आणि १० च्या कोंबडीत सातपट नाही, १२८ पट फरक आहे. चार एचए युनिट (विषाणूचं ठरावीक प्रमाण) धरून केलेल्या चाचणीत साधारणपणे १:१६ च्या खालचा नमुना पॉझिटिव्हच धरत नाहीत. सरासरी सहाचा कळप म्हणजे सगळ्या पक्ष्यांचा सहा आहे असं नव्हे. विषाणू शिरला की तो तळातल्या पाच पक्ष्यांना शोधतो, त्यांच्यात वाढतो, आणि मग वरच्यांवरही भार पडतो.

दुसरी गोष्ट. नुसत्या सौम्य लाइव्ह लसीनं एचआय साधारण ४ ते ६ पर्यंत जातो. लाइव्हनंतर तेलाची किल्ड दिली की ११ किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो. तुमचे ३-४ वाले पक्षी बघून मला असं वाटतं की तो आकडा जुन्या लासोटा आणि आर-टू-बीचा उरलासुरला आहे. किल्डची जमा त्या खात्यात झालेलीच नाही. ती थोडीशी मिळाली, की मिळालीच नाही, हे शोधायचं आहे.

म्हणून काही विचारतो. लस शेडपर्यंत कशातून आणली? रात्री कुठे ठेवली? टोचताना बाटली हाताला गार लागत होती का? सुया किती पक्ष्यांनंतर बदलल्या? दुसऱ्या शेडमध्ये मानेवर गाठी किंवा तेलकट ओल दिसली का? आणि त्या बॅचची एखादी बाटली शिल्लक आहे का? असेल तर हलवू नका. आहे तशी उभी ठेवा.


पायस_फोंडा :

कोंबड्यांतलं मला काही कळत नाही. गेली वीस वर्षं क्रीम आणि लोशन बनवण्याच्या कामात आहे, त्यामुळे इमल्शनबद्दल मात्र बोलू शकतो. आपल्या शाळेच्या पुस्तकात याला पायस म्हणत.

तेल आणि पाणी एकमेकांत विरघळत नाहीत. एकाचे बारीक थेंब करून दुसऱ्यात टांगून ठेवायचे, म्हणजे इमल्शन. आता कोणाचे थेंब कोणात, यावर सगळं बदलतं. दूध म्हणजे पाण्यात स्निग्धाचे थेंब. लोणी म्हणजे स्निग्धात पाण्याचे थेंब. घटक तेच, पण दुधाचा थेंब पाण्यात पसरतो आणि लोण्याचा गोळा ताकावर तरंगतो. आई साय घुसळते तेव्हा एका क्षणी रवीला जडपणा येतो आणि लोणी सुटतं. त्या क्षणी इमल्शन उलटं होतं, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत जातं. आमच्या कारखान्यात याच गोष्टीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

थेंब एकत्र येऊ नयेत म्हणून पायसीकारक घालतात. त्याचं एक टोक पाण्याकडे, दुसरं तेलाकडे ओढलेलं असतं. कोणता पायसीकारक कुठे झुकतो हे मोजायची एक पट्टी ग्रिफिननं १९४९ साली मांडली, तिला एचएलबी म्हणतात. स्पॅन ८० चा आकडा ४.३, म्हणजे तेलाकडे ओढा. ट्वीन ८० चा १५, म्हणजे पाण्याकडे. दोन्हींचं मिश्रण करून हवा तो आकडा गाठायचा. आकडा खाली ठेवला की तेलात पाणी, वर नेला की पाण्यात तेल.

तुमच्या लसीत नक्की काय असतं ते लस बनवणाऱ्यांनी सांगावं. पण दोन शेडमध्ये फरक पडला असेल तर माझा पहिला संशय गोठण्यावर. पाण्याचे थेंब गोठले की बर्फाची टोकं पायसीकारकाचा पडदा फाडतात. वितळल्यावर थेंब एकमेकांत मिसळतात आणि पाणी वेगळं पडतं. ते पुन्हा कितीही हलवलं तरी पूर्वीसारखं होत नाही.


लसवाली :

फोंडेकरांनी अगदी बरोबर सांगितलंय. मी पुण्याजवळ एका लसकारखान्यात गुणवत्ता तपासणीत होते, आता निवृत्त आहे. कोंबड्यांची तेलाची लस ही लोण्याच्या घराण्यातली आहे. तेलात पाणी. त्या पाण्याच्या थेंबात मेलेला विषाणू असतो.

कशी बनते ते सांगते, कारण दोष कुठे शिरू शकतो हे त्यावरून कळतं. ९ ते ११ दिवसांच्या गर्भाच्या अंड्यांत विषाणू टोचायचा. तो वाढला की अंड्यातला द्रव काढायचा. फॉर्मॅलिन किंवा बीटा-प्रोपिओलॅक्टोननं विषाणू मारायचा, आणि तो खरंच मेलाय हे पुन्हा अंड्यांत घालून पाहायचं. मग या पाण्यात ट्वीन आणि शुद्ध खनिज तेलात स्पॅन. तेल फिरत असताना त्यात पाणी हळूहळू सोडायचं, उलटं नाही. आधी जाडसर, मग होमोजिनायझरमधून जोरानं काढून बारीक, थेंब एखाद्या मायक्रॉनच्या आसपास. तेल-पाण्याचं प्रमाण बहुतेक ७० ला ३० किंवा ८० ला २० असं असतं.

इथे एक अडचण कायम असते. पाण्याला जागाच ३० टक्के, आणि ग्राहकाला एका टोचणीत तीन-चार रोग हवे असतात. मग प्रत्येक विषाणू आटवून घट्ट करावा लागतो. आटवण्यात कसर राहिली की तेल कितीही चांगलं असो, कोंबडीला शिकायला पुरेसं काही मिळत नाही. म्हणून तेलावर सगळं ढकलू नये असं मी नेहमी म्हणते. युरोपच्या औषधसंहितेत राणीखेतच्या किल्डसाठी एक अट आहे : प्रत्येक डोसमध्ये किमान ५० पीडी-५०. म्हणजे डोसचा पन्नासावा भाग दिला तरी निम्मी कोंबडी कडक विषाणूपुढे टिकली पाहिजे. लस एवढ्या ऐपतीनं बनवलेली असते. आणि तरीही ती शेतावर नापास होते तेव्हा मला फार वाईट वाटतं.

शेडमालक, आता बाटलीचं. उजेडासमोर धरा. वर पातळ, पारदर्शक तेलाची रेघ असेल आणि हलवल्यावर ती पूर्ण मिसळत असेल तर घाबरू नका, पण लेबलवर काय लिहिलंय ते वाचा. बुडाशी पाणचट थर असेल तर इमल्शन फुटलं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते खाली बसतं. नंतर ग्लासभर गार पाण्यात एक थेंब सोडा. चांगल्या लसीचा थेंब मोत्यासारखा अखंड राहतो. दुधासारखा पसरला तर ती लस तशी राहिलेली नाही.


माळावरचा_शेड :

सगळ्यांचे आभार. उत्तरं लिहिण्याआधी घरी आणि शेडवर सगळ्यांना बसवून विचारलं. जे कळलं ते लाज न बाळगता लिहितो.

पहिल्या शेडच्या बाटल्या शनिवारी सकाळीच बाहेर काढल्या होत्या, टोळी उशिरा आली. त्यामुळे दुपारपर्यंत त्या हाताला कोमट लागत होत्या. संध्याकाळी उरलेल्या बाटल्या माझ्या पुतण्यानं घरी नेल्या. फ्रिज भाजी आणि दुधानं भरलेला होता, म्हणून त्यानं सहा बाटल्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. "लस थंड ठेवायची" एवढंच मी त्याला शिकवलं होतं. किती थंड ते सांगितलं नव्हतं. पहाटे पाचला त्या थर्मासात घातल्या आणि सहाला टोचायला सुरुवात. डिसेंबरची पहाट. टोळीतला मुकादम म्हणाला की मशीन जड चाललं होतं, दोनदा उघडून वायसर बदलला.

मानेवर तेल ओघळलेलं त्याला आठवतंय. गाठी मी स्वतः आज पाहिल्या, काही पक्ष्यांना कातडीखाली वाटाण्याएवढ्या लागतात.

एक बाटली न उघडलेली आहे. आज फ्रिजच्या दारात उभी आहे. उद्या उजेडात बघतो.


वेट_नाशिक :

पुतण्याला रागावू नका. हे मी वर्षातून चार वेळा बघतो, पदवीधरांच्या फार्मवरसुद्धा.

आता तेलानं प्रतिकारशक्तीचं काय होतं या तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मेलेला विषाणू नुसत्या पाण्यात टोचला तर शरीर त्याला दोन दिवसांत साफ करतं. धोका वाटावा असं काही नसतं आणि शिकायला वेळही मिळत नाही. तेलातला थेंब तसा पटकन हाती लागत नाही. तेल हळूहळू फुटतं, प्रतिजन (शरीर ओळखतं तो विषाणूचा भाग) थोडं थोडं सुटत राहतं. शिवाय खनिज तेल ही शरीराला खुपणारी वस्तू आहे. तिथे दाह होतो, भक्षक पेशी धावून येतात, तेलाचे थेंब गिळतात, आणि त्यांच्याबरोबर विषाणूचे तुकडेही गिळतात. त्या पेशी मग पुढे शिकवणीचं काम करतात.

कोंबडीची एक खासियत इथे सांगायलाच हवी. तिला आपल्यासारख्या लसिकाग्रंथी नसतात. काखेत, जांघेत आपल्याला ज्या गाठी येतात त्या तिच्यात नाहीत. तिचं काम प्लीहा, आतड्यातल्या गाठी, डोळ्यामागची हार्डर ग्रंथी आणि गुदाजवळची बर्सा यांच्यावर चालतं. प्रतिपिंड बनवणाऱ्या बी पेशींमधला "बी" या बर्सावरून आलाय. १९५६ मध्ये ग्लिक आणि चँग यांनी बर्सा काढलेल्या कोंबड्या प्रतिपिंड बनवत नाहीत हे दाखवलं, त्यानंतर सगळ्या प्रतिकारशास्त्राची दिशा बदलली. तर ग्रंथी नसल्यामुळे तेल टोचलेल्या जागेवरच लसिकापेशींची वस्ती उभी राहते. तुमच्या हाताला लागलेली लहान गाठ म्हणजे काही अंशी ती वस्ती. मोठी, पिवळट, घट्ट गाठ मात्र घाण सुईची किंवा फुटलेल्या इमल्शनची खूण असू शकते.

लाइव्ह आधी का, हेही यातच येतं. लासोटा डोळ्यात टाकतो तेव्हा हार्डर ग्रंथीत आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर स्थानिक पहारा बसतो, आणि शरीराला विषाणूची पहिली ओळख होते. त्यानंतर तेलाची लस आली की ओळखीच्या पेशी झपाट्यानं वाढतात. दोन-तीन आठवड्यांत टायटर वर जातो, चार ते सहा आठवड्यांत शिखर गाठतो आणि कित्येक महिने टिकतो. नुसती किल्ड रक्तात भरपूर प्रतिपिंड देते, पण नाका-घशाच्या अस्तरावर तिचा पहारा कमजोर राहतो. पक्षी मरत नाही, अंडी घसरत नाहीत, पण तो थोडाफार विषाणू बाहेर टाकत राहू शकतो.


अथेन्स_जॉर्जिया :

मी मूळची सांगलीची, इथे जॉर्जियात पोल्ट्री सायन्स शिकते. विट्याचं नाव वाचून लॉग-इन केलं.

थोडा इतिहास सांगावासा वाटतो. तेल हे सहायक म्हणून, म्हणजे लसीचा परिणाम वाढवायला, वापरण्याचं शास्त्र १९३० च्या दशकात ज्यूल्स फ्रॉइंड यांनी पुढे नेलं. त्यांच्या पूर्ण मिश्रणात पॅराफिन तेलाबरोबर मेलेले क्षयाचे जंतूही असत. त्यानं इतका दाह होतो की आज ते फक्त प्रयोगशाळेत, तेही जपून वापरतात. जंतू काढून टाकलेलं "अपूर्ण" मिश्रण हे आपल्या कोंबड्यांच्या लसीचं आजोबा.

कोंबड्यांसाठी ते शेतावर चालण्याजोगं करण्यात इथल्या अथेन्समधल्या सरकारी पोल्ट्री संशोधन प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. हेन्री स्टोन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली चार भाग तेल, एक भाग पाणी, तेलात सॉर्बिटन मोनोओलिएट (म्हणजेच स्पॅन ८०) आणि पाण्यात ट्वीन ८० अशी पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधीच्या तेलाच्या लशी इतक्या घट्ट असत की सिरिंजमधून ढकलताना हात भरून येत. पाण्यात ट्वीन घातल्यानं पातळपणा आला आणि प्रतिसादही चांगला राहिला. पुढे याच स्टोन यांनी खनिज तेलाऐवजी वनस्पती आणि प्राणिज तेलं घालून पाहिली, कारण खनिज तेल शरीरात पचत नाही आणि मांसात खुणा राहतात.

वेट साहेबांच्या एका मुद्द्याला पुस्ती जोडते. "तेल साठा करून ठेवतं आणि हळूहळू सोडतं" हे खरं, पण सगळं त्यावर नाही. १९५५ मध्ये फ्रॉइंड आणि लिप्टन यांनी टोचलेली जागाच थोड्या वेळानं कापून काढली, तरी तेलाचा परिणाम बऱ्यापैकी टिकला. म्हणजे थेंब आणि पेशी तेवढ्यात शरीरात पुढे गेलेल्या असतात. सुरुवातीच्या तासांत जो धक्का बसतो, त्याचं वजन फार आहे. टोचताना लस ओघळून गेली की नेमका तोच हातचा जातो.


अलिबाग_ब्रॉयलर :

आमच्याकडे जुने लोक सांगतात, जाड लस म्हणजे चांगली लस, पातळ म्हणजे पाणी मारलेली. नवीन कंपनीची लस अगदी दुधासारखी वाहते आणि महागही आहे. शेडमालकांनी जाड घेतली होती की पातळ?

आणि ब्रॉयलरला ही लस द्यावी का? आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात मरतूक झाली होती.


लसवाली :

जाडपणावरून लस ओळखायचा काळ गेला. जाड लसीत थेंब मोठे आणि वेडेवाकडे असू शकतात, ती सुईत अडकते, डोस कमी पडतो, गाठी जास्त येतात. पातळ लसीत पायसीकारक नीट निवडलेला असेल आणि थेंब बारीक, एकसारखे असतील तर ती तेवढाच किंवा चांगला प्रतिसाद देते, आणि हजारो पक्षी टोचणाऱ्याचं मनगट वाचतं. आम्ही जाडी मोजायचो, बाटल्या ३७ अंशांवर ठेवून फुटतात का बघायचो, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचो. हे सगळं पातळ लसीनंही पास केलं पाहिजे.

जनावरांच्या लाळ्या-खुरकुतच्या लसीत आणखी वेगळी रचना वापरतात : पाण्यात तेल आणि त्या तेलात पुन्हा पाणी. ती लवकर काम सुरू करते आणि सुईतून सहज जाते, पण टिकाऊपणात साधी तेलात-पाणी पुढे असते. लेअर कोंबडी ७०-८० आठवडे ठेवायची असते, म्हणून तिला लोण्याच्या जातीचीच लस बरी.

ब्रॉयलरचं डॉक्टर सांगतील. मी एवढंच लक्षात आणून देते की खनिज तेलाच्या लसीनंतर कत्तलीपर्यंत ४२ दिवस जाऊ द्यावेत अशी अट अमेरिकेत आहे. तुमचा पक्षी त्याआधीच विकला जातो. आपल्याकडे त्या-त्या लसीच्या लेबलवर जे असेल ते पाळायचं.


वेट_नाशिक :

अलिबागकर, पिल्लाच्या अंगात आईकडून बलकातून आलेली प्रतिपिंडं असतात, ती साधारण साडेचार दिवसांनी निम्मी होत जातात. तुमच्या पिल्लांच्या आईला तेलाची लस नीट मिळाली होती की नाही हे हॅचरीला विचारा. गंबोरो या पिल्लांच्या रोगासाठी तर आईला किल्ड देण्याचं मुख्य कारणच ते आहे. प्रादुर्भाव असलेल्या भागात पहिल्या आठवड्यात डोळ्यात लाइव्ह आणि त्याच वेळी पिल्लाचा लहान डोस किल्ड, असंही करतात. ते तुमच्या डॉक्टरांनी आई-कळपाची माहिती पाहून ठरवावं, इथे विचारून नव्हे.


परसदार_चिपळूण :

माझ्याकडे परसात १४ गावरान कोंबड्या आहेत. एवढं सगळं वाचून भीती वाटली. त्यांना ही तेलाची लस द्यायची का? बाटली हजार डोसांची येते म्हणे.


वेट_नाशिक :

ताई, तुम्हाला किल्डची गरज नाही. लासोटा डोळ्यात एक थेंब, आणि आठ आठवड्यांच्या पुढे आर-टू-बी. दोन्ही पुण्याच्या औंधच्या सरकारी संस्थेत बनतात, पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. बाटली एकदा विरघळवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एकाच सकाळी सगळ्यांच्या कोंबड्या करून घ्या. पहाटे, खुराड्यातून सोडायच्या आधी. रोगी कोंबडीला टोचू नका.


नवापूर_०६ :

२००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला तेव्हा मी नवापुरातच होतो. लाखो पक्षी पुरले. तेलाची लस एवढी चांगली असेल तर बर्ड फ्लूला का देत नाहीत, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.


वेट_नाशिक :

तुमच्या प्रश्नामागचं दुःख समजतं. तशा लशी आहेत. मेक्सिकोनं १९९५ पासून आणि चीननं २००४ पासून एच-फाइव्ह गटाच्या बर्ड फ्लूसाठी तेलाच्या किल्ड लशी मोठ्या प्रमाणावर वापरल्या. आपल्याकडे घातक एच-फाइव्ह-एन-वनसाठी पक्षी नष्ट करण्याचं धोरण आहे. कारण मी वर लिहिलेलंच : किल्डमुळे पक्षी जगतो, पण आतून विषाणू टाकत राहिला तर तो दिसत नाही. लस दिलेला आणि लागण झालेला पक्षी वेगळा ओळखता आला पाहिजे, त्यासाठी तपासणीची मोठी यंत्रणा लागते. सौम्य एच-नाइन-एन-टूसाठी मात्र भोपाळच्या प्राणिरोग संस्थेनं किल्ड लस तयार केली आणि २०२२ मध्ये तिचं तंत्र चार कंपन्यांना दिलं. अंडी घसरण्यात या विषाणूचा हात बऱ्याचदा असतो.


टोचणी_सोलापूर :

मी अठरा वर्षं लसीच्या टोळीत काम केलंय. वरच्या चर्चेत एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती लिहितो.

तेलाची लस स्वतःच्या बोटात गेली तर लहानसं टोचलंय म्हणून सोडू नका. माझ्या जोडीदाराच्या डाव्या तर्जनीत गेली. रक्ताचा ठिपका होता फक्त. तो काम करत राहिला. रात्री बोट काकडीएवढं झालं, दुसऱ्या दिवशी काळं पडायला लागलं. तेल आत दाबानं पसरतं, सूज येते आणि रक्त पोचत नाही. बोटाचं पहिलं पेर गेलं. तेव्हापासून मी बाटलीचं लेबल खिशात ठेवतो. लगेच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे जायचं आणि "यात खनिज तेल आहे" हे स्पष्ट सांगायचं, म्हणजे ते कापून धुऊन काढतात. वाट बघायची नाही.

बाकी हाताचं सांगतो. बाटल्या आदल्या रात्री खोलीत काढून ठेवा, वीस-पंचवीस अंशांवर आल्या पाहिजेत. गार लस चिकट होते, मशीन पूर्ण भरत नाही, हवा घुसते, आणि आपल्याला वाटतं अर्धा मिली गेला. ती कातडीखाली पसरतही नाही, सुई काढली की मागून बाहेर येते. मानेच्या मागच्या बाजूला खालच्या भागात, कातडी चिमटीत उचलून, सुई डोक्याकडून अंगाकडे. डोक्याच्या जवळ गेलात तर तोंड सुजतं. सुई ५०० पक्ष्यांना एक. बाटली अधूनमधून हलवायची. आणि दर शंभर पक्ष्यांमागे एकदा मोजपात्रात दहा टोचण्या सोडून बघायच्या, पाच मिली भरतात का.


माळावरचा_शेड :

आज बाटली बघितली. खिडकीतल्या उन्हात धरली तर बुडाशी दोन बोटं पाण्यासारखा थर, मध्ये पांढरं आणि वर तेल. ग्लासात थेंब सोडला. पहिला थेंब तरंगला, दुसरा खालून सिरिंजनं ओढलेला सोडला तर धुरासारखा पसरला. पहिल्या शेडच्या एका रिकाम्या बाटलीत तळाला थोडी लस उरलेली होती, तिचा थेंब मोत्यासारखा राहिला. पुतण्या शेजारी उभा होता. काही बोलला नाही, पण नंतर त्यानं स्वतः फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याच्या दारावर कागद चिकटवला : "लस इथे नाही. २ ते ८."

म्हणजे त्या पहाटे काही पक्ष्यांना नुसतं तेल गेलं, काहींना नुसतं पाणी, आणि काहींना नशिबानं बरोबर मिळालं. ३ आणि १० एका शेडमध्ये कसे, हे आत्ता डोळ्यांना दिसलं.

आता काय करू? पक्षी अंड्यावर यायला लागलेत.


वेट_नाशिक :

ही वेळ अवघड आहे, कारण हाताळल्यानं अंडी दोन-चार दिवस कमी होतील. पण ३ च्या पक्ष्यांवर मोसम काढणं त्याहून वाईट. तुमच्या भागात सध्या मानमोडीच्या बातम्या आहेत का ते विचारा. दुसऱ्या शेडला आधी पाण्यातून लासोटा द्या, म्हणजे घशाचा पहारा लगेच उभा राहील. मग आठवड्याभरात चांगल्या बाटल्यांतून किल्ड पुन्हा. तुमच्या डॉक्टरांना हा धागा दाखवा आणि त्यांच्या सल्ल्यानंच करा. पक्षी रात्री मंद दिव्यात पकडा. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त काढा, पूर्वी कमी आलेले पक्षी खुणेचे असतील तर त्यांच्यासकट.


लसवाली :

आणि ती फुटलेली बाटली फेकू नका. पुढच्या वेळी टोळीतल्या नव्या मुलांना दाखवायला ठेवा.


माळावरचा_शेड :

सहा आठवड्यांनी धागा वर काढतो.

आमच्या डॉक्टरांनी वेट साहेबांचाच क्रम ठेवला. एकविसाव्या आठवड्यात लासोटा पाण्यातून, बाविसाव्यात किल्ड. बाटल्या आदल्या रात्री माझ्या उशाशी होत्या. सोलापूरकरांनी सांगितल्याप्रमाणे मोजपात्र घेऊन मी स्वतः टोळीच्या मागे फिरलो. पहिल्या शंभरांत दहा टोचण्यांचे पाच मिली भरलेच नाहीत, चार आणि थोडे वर आले. मशीनचा वायसर झिजला होता. तो बदलून पुढे गेलो. अंडी तीन दिवस घसरली, मग सावरली.

काल रिपोर्ट आला. दुसऱ्या शेडचे २० नमुने : दोन पक्षी ७, बाकी सगळे ८ ते ११. पायाला लाल पट्टी बांधून ठेवलेली, आधी ३ आलेली एक कोंबडी होती. तिचा ९.

शनिवारी पुढच्या बॅचची पिल्लं येतायत. लासोटा डोळ्यात टाकायला पुतण्या येणार आहे. थर्मास त्यानं कालच धुऊन वाळत घातलाय.